वृद्धांची आंघोळ आणि शॉवरची बारीक धार

घरातील वृद्ध व्यक्ती आंघोळ टाळू लागली की आपण त्याला आळस म्हणतो. पुष्कळदा ते भय असते. दुखऱ्या गुडघ्यांनी ओल्या फरशीवर वाकून बादलीतून मगाने पाणी घ्यावे लागते. त्यात गरम पाण्याने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. भक्कम स्टुलावर बसून, हातात धरता येणाऱ्या शॉवरने केलेली आंघोळ हा यावरील चांगला उपाय आहे. अडचण येते ती पाण्याच्या दाबाची.

नवी मुंबई महापालिकेच्या क्षेत्रात पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येते; परंतु घरातील नळाचा दाब ठरतो तो गच्चीवरील टाकीच्या उंचीने. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी शॉवरहून जेमतेम २-३ मीटर उंच असेल, तर दाब मिळतो पाव बारच्या आसपास.

अशा घरांत पुष्कळदा ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर बसवला जातो. त्याचा हिशेब समजून घ्या. मिनिटाला ३ लिटर पाणी वाहत असेल, तर तो २७ अंशांचे पाणी ४१ अंशांपर्यंत तापवतो. स्वयंपाकघरात कुणी नळ सोडला आणि धार निम्मी झाली, तर तेच पाणी ५५ अंशांपुढे जाऊ शकते. वृद्धांची त्वचा पातळ असते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. चटका कळेपर्यंत भाजलेले असते.

ब्रिटनमधील विद्युत शॉवर ८.५ ते १०.५ किलोवॉटचे असतात. आपल्याकडील १६ अँपिअरच्या सॉकेटला तो भार पेलणारा नाही. म्हणून क्षीण दाबाच्या घरी साठवणीचा गिझर अधिक योग्य. त्याचे तापमान धारेवर फारसे अवलंबून नसते. त्याला कमी दाबावर चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर जोडावा. बूस्टर पंप हवा असल्यास तो सोसायटीच्या संमतीने, गच्चीवरील टाकीकडून येणाऱ्या नळावरच बसवावा. महापालिकेच्या जलवाहिनीला थेट जोडू नये. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात कदापि नको. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खर्च शक्य नसेल, तर बादली उंच चौरंगावर ठेवा, म्हणजे वाकावे लागणार नाही. आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम पाळा. ३८ ते ४० अंशांचे पाणी पुरेसे असते; ते घरातील निरोगी व्यक्तीने कोपराने तपासावे. भिंतीत पक्का दांडा बसवा आणि आतून कडी लावण्याचा आग्रह सोडा.

या पंधरवड्यात एक मोजणी अवश्य करा. शॉवरखाली बादली ठेवून एका मिनिटात किती पाणी जमते ते लिटरच्या मापाने पाहा. एकदा घरातील सर्व नळ बंद असताना आणि एकदा स्वयंपाकघरातील नळ सोडून. दोन्ही आकडे हाती असल्याशिवाय गिझर खरेदीस जाऊ नका. आणि आईवडिलांना आंघोळीची भीती वाटते का, हे त्यांनाच शांतपणे विचारा.