हशातला निकाल

१६ डिसेंबर २०२१. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेचे अधिवेशन चालू होते. अतिवृष्टीच्या नुकसानीवर प्रत्येकाला बोलायचे होते, वेळ पुरत नव्हता आणि अध्यक्ष विश्वेश्वर हेगडे कागेरी हैराण झाले होते. तेवढ्यात माजी अध्यक्ष आणि काँग्रेसचे आमदार के. आर. रमेश कुमार यांनी एक ‘म्हण’ ऐकवली: बलात्कार टळतच नसेल, तर पडून मजा घ्यावी. कागेरी हसले. दिल्लीतल्या बसमधील सामूहिक बलात्काराला त्याच दिवशी नऊ वर्षे पूर्ण होत होती.

रमेश कुमार यांनी माफी मागितली. बचाव ठरलेलाच होता: ओघात बोलून गेलो, गुन्हा क्षुल्लक लेखण्याचा हेतू नव्हता. २०१३ मध्ये सट्टेबाजीविषयी बोलताना सीबीआयचे तत्कालीन संचालक रणजित सिन्हा यांनी हाच दाखला दिला होता. दिलगिरीही अशीच व्यक्त केली होती.

हेतू नव्हता, हे मान्य करू. पण विनोद वक्त्याच्या हेतूवर चालत नाही, ऐकणाऱ्यांनी मनात आधीच धरून ठेवलेल्या समजुतीवर चालतो. या ‘म्हणी’वर हसू यायचे, तर प्रतिकार थांबला की संमती सुरू होते, हे घटकाभर तरी खरे मानावे लागते. एकेकाळी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही ही समजूत उतरली होती. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दोन्ही पोलिसांची १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका केली; मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. कायद्याचे अध्यापक उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

कायदा बदलला, विनोद बदलला नाही.

शरीर मात्र वेगळेच सांगते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांचे शरीर त्या वेळी लक्षणीय प्रमाणात थिजले होते, आणि पुढे मानसिक आघाताचे विकार व नैराश्य त्यांच्यातच अधिक आढळले. ‘मी ओरडले का नाही?’ हा प्रश्न अशी स्त्री स्वतःला विचारतच असते. विनोद तिला चारचौघांत उत्तर देतो, आणि ते आरोपीच्या वकिलाचे उत्तर असते.

‘पण इथे कोण पीडित बसली आहे?’ हा दुसरा युक्तिवाद. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचे सांगितले. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. म्हणजे कॉलेजचा कट्टा असो वा घरचे जेवणाचे पान, ऐकणाऱ्यांत अशी व्यक्ती असणारच, असे धरून चालावे लागते. ती काही बोलत नाही. कोण हसले तेवढे पाहते, आणि कधीतरी ज्यांना सांगू शकली असती त्यांची नावे मनातल्या मनात खोडते.

‘शब्दांनी काय होते?’ अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच तपासले. स्त्रियांविषयी आधीपासून आकस असलेल्या पुरुषांसमोर स्त्रीद्वेष्टे विनोद आले, की स्त्रियांच्या संस्थेला देणगी देताना त्यांचा हात आखडता झाला. आकस जुनाच होता. विनोदाने त्याला मुभा दिली.

मग या विषयावर हसायचेच नाही? जरूर हसावे. २०१३ मध्ये एआयबी या विनोदी गटाच्या चित्रफितीत कल्की केकलां आणि जुही पांडे हसतमुखाने सांगत होत्या की बलात्कार ही बाईचीच चूक. ती चित्रफीत खोचक होती आणि गाजली, कारण नेम दोष देणाऱ्यांवर होता. नेम धरण्याजोगे अजून पुष्कळ शिल्लक आहे. बलात्कार झालेल्या स्त्रीची ‘दोन बोटांची तपासणी’ चुकीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आणि २०२२ मध्ये पुन्हा सांगितले. दुसऱ्या वेळी तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, अशी तंबीही दिली. नऊ वर्षे निकाल न वाचता ही तपासणी करत राहिलेल्या यंत्रणेवर एक चांगले प्रहसन लिहिता येईल, आणि त्यात अत्याचार सोसलेली व्यक्तीही मोकळेपणाने हसू शकेल.