नियंत्रण हवे, नियंता कशाला?

अराज्यवादाचे नाव काढले की पूर्वपक्ष तयारच असतो. पाणपोई मुखत्याराशिवाय चालेल हो, पण वीज, रेल्वे, औषधांचे कारखाने चालवायला वर कोणीतरी लागतोच. आणि सायबरनेटिक्स तर नियंत्रणाचेच शास्त्र, त्यात सत्ताविरोधकांच्या हाती काय लागणार?

उत्तर त्याच शास्त्रात आहे. रॉस ॲशबी यांनी 1956 च्या ग्रंथात मांडलेला नियम असा : परिस्थितीत जितके वैविध्य, तितके नियंत्रकाच्या प्रतिसादांतही हवे. हजारो कारखान्यांच्या रोजच्या अडचणी मूठभरांच्या मंडळाला पेलत नाहीत, मग मंडळी कितीही हुशार असोत. सप्टेंबर 1963 मध्ये जॉन मॅकइवान यांनी कॉलिन वॉर्ड संपादित लंडनच्या ‘अनार्की’ मासिकात हाच धागा पुढे नेला. कामाची उतरंड वेगळी, माणसांची वेगळी. एक निर्णय दुसऱ्याच्या वर असू शकतो. पण तो घेणारा माणूस कायम वरच बसावा, हे त्यातून निघत नाही.

यावर चिलीचा दाखला तोंडावर फेकतात. तिथल्या समाजवादी आयेंदे सरकारसाठी सायबरनेटिक्सतज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांनी ‘सायबरसिन’ हे कारखान्यांची माहिती जोडणारे जाळे उभारले, सांतियागोत सात खुर्च्यांची नियंत्रण-खोली बांधली. म्हणजे समाजवादालाही कंट्रोल रूम लागलीच की! जरा तारखा पाहा. ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी संप करून देशाची रसद तोडली, तेव्हा ती खोली पुरी झालीच नव्हती. कामी आली ती टेलेक्स यंत्रे : माल कुठे अडकला, ट्रक कुठे मोकळा आहे, याच्या बातम्या जागेवरून येत होत्या. त्याच काळात कामगारांनी औद्योगिक पट्ट्यांत ‘कोर्डोन’, म्हणजे शेजारच्या कारखान्यांच्या कामगारांच्या संयुक्त संघटना, बांधून कारखाने चालू ठेवले. टेलेक्सचे एक टोक सरकारी कचेरीत होते, हे कबूल. म्हणून दुसऱ्या टोकाचे शहाणपण सरकारचे ठरत नाही.

आता आमच्याच पंगतीला दोन शब्द. ‘सारे आपोआप जुळते’ हे भाबडेपण सोडा. बाजारही आपोआप जुळतो, असे मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक सांगून गेलेच आहेत. ॲपवरच्या टॅक्सीचालकाला साहेब दिसत नाही. पण भाडे ठरवणारे सूत्र त्याला ना दिसते, ना बदलता येते. अशा मुकादमीला स्वयंसंघटन म्हणू नये. ज्यांच्यावर नियम चालतो त्यांना तो बदलता येतो का, एवढेच विचारावे. या कसोटीवर सायबरसिन अर्धेच उतरते, कारण त्याची घडी मुख्यतः तज्ज्ञांनी घातली. कोर्डोन बरेच अधिक उतरतात.

11 सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावाने दोन्ही मोडले. ‘ते चाललेच नसते’ म्हणणाऱ्यांनी आधी रणगाड्यांचा हिशेब द्यावा.