नेम, लक्ष आणि आलेख

विद्यार्थी-खेळाडूंच्या मेंदूतील विद्युत्-लहरी त्यांना पडद्यावर दाखवून त्यांची एकाग्रता वाढविण्याची पद्धती अलीकडे क्रीडाक्षेत्रात रुजू पाहत आहे. तिचा विचार भारतीय भाषांना वाहिलेल्या नियतकालिकात का व्हावा, असा प्रश्न कोणी केल्यास तो अप्रस्तुत म्हणता येणार नाही. विषय शरीरविज्ञानाचा, फार तर मानसशास्त्राचा; साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन काय? माझे उत्तर असे, की या प्रशिक्षणाच्या गाभ्याशी भाषेचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो भाषेच्या अभ्यासकांनी उपस्थित केला नाही, तर दुसरे कोणी तो उपस्थित करील अशी चिन्हे नाहीत.

ही पद्धती थोडक्यात अशी. डोक्याच्या त्वचेवर विद्युदग्रे बसवून मेंदूत उमटणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपल्या जातात. संगणक त्यांचे पृथक्करण करतो आणि इष्ट लहर वाढली की पडद्यावरील चित्र बदलते किंवा एखादा सूर ऐकू येतो. कोणती युक्ती केली असता तो सूर टिकतो, हे खेळाडू पुनःपुन्हा प्रयत्न करून शिकतो. शिक्षणशास्त्रात आपण ज्याला ‘प्रत्याभरण’ म्हणतो, त्याचाच हा मेंदूपुरता प्रकार होय. व्यवहारात मात्र ‘न्यूरोफीडबॅक’ हाच शब्द रूढ झालेला आहे.

या विषयाला आपल्याकडे पूर्वेतिहास नाही असे मुळीच नाही. जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या लहरींची पहिली नोंद १९२४ साली केली. त्याच वर्षी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. हा केवळ योगायोग असला, तरी अर्थपूर्ण आहे. पुढे १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग या संशोधकांनी योग्यांच्या मस्तिष्कालेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समाधीचा अभ्यास करणाऱ्या चार योग्यांच्या आलेखात अल्फा लहरी, म्हणजे सेकंदास सुमारे ८ ते १३ आवर्तने असणाऱ्या लहरी, प्रकाश, आवाज, स्पर्श यांच्या आघातानेही खंडित होत नव्हत्या. अन्य दोघांनी चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या अल्फा लहरी टिकून राहिल्या. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे : ज्या नवशिक्यांच्या विश्रांतीच्या आलेखात अल्फा लहरी ठळक होत्या, ते योगाभ्यासात अधिक टिकून राहिले. या निरीक्षणाकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

क्रीडाक्षेत्रात याची चर्चा आपल्याकडे वाढली ती अभिनव बिंद्रा यांच्या यशानंतर. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत अखेरच्या गोळीपूर्वी ते फिनलंडच्या स्पर्धकाशी बरोबरीत होते. शेवटच्या गोळीला १०.८ गुण मिळवून त्यांनी भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्या तयारीत जैव-प्रत्याभरणाचा, म्हणजे ज्या व्यापक जातीचा न्यूरोफीडबॅक हा एक प्रकार आहे तिचा, कसा उपयोग केला, हे त्यांचे दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञ टिम हार्कनेस यांनी २००९ साली लिहून प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही पद्धती केवळ सधन खेळाडूंची राहिलेली नाही. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील संशोधकांनी विद्यापीठीय तिरंदाजांना असे प्रशिक्षण देऊन त्याचे परिणाम २०१२ साली मांडले. कपाळावर बांधावयाच्या पट्ट्या आता बाजारातही मिळू लागल्या आहेत. विद्यापीठांच्या क्रीडाविभागांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

आता भाषेचा मुद्दा. १९८४ साली अमेरिकेत हॅटफील्ड, लँडर्स आणि रे यांनी निष्णात नेमबाजांचा अभ्यास केला. गोळी सुटण्यापूर्वीच्या काही क्षणांत नेमबाजाच्या मेंदूच्या डाव्या शंखभागी अल्फा लहरी वाढतात, म्हणजे तेथील लगबग मंदावते, असे त्यांना दिसले. बहुसंख्य माणसांत भाषाव्यापाराचा संबंध मेंदूच्या डाव्या भागाशी असतो. त्यावरून अनुमान निघाले ते असे, की अचूक नेमाच्या क्षणी आतला संवाद थांबतो : ‘श्वास धर’, ‘हात हलवू नको’, ‘मागची गोळी चुकली’ असे जे स्वतःशी बोलणे चालते, ते शांत होते. १९९१ साली लँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरंदाजांवर त्याचा पडताळा घेतला. डाव्या बाजूचे प्रत्याभरण ज्यांना दिले त्यांचा खेळ सुधारला. ज्यांना मुद्दाम उजव्या बाजूचे दिले त्यांचा खेळ बिघडला. पद्धतीत काही तथ्य असावे असे यावरून वाटते. ती निरुपद्रवी नाही, हेही त्यावरून तितकेच स्पष्ट होते. या क्षेत्रातील बहुतेक प्रयोगांत खेळाडूंची संख्या थोडी आणि तुलनेची व्यवस्था दुबळी असते. यंत्राचा गुण किती आणि यंत्रावरील श्रद्धेचा गुण किती, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही.

तथापि वरील अनुमान ग्राह्य धरले, तर साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न असा : जी भाषा शांत व्हावयाची, ती कोणती? कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे राज्याच्या क्रीडाप्रबोधिनीतून घडले आणि २०२४ साली पॅरिसला त्यांनी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले. हरियाणाच्या झज्जर जिल्ह्यातील मनू भाकर दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात शिकल्या. अशा गावांतून दिल्लीच्या तुघलकाबादेतील कर्णीसिंग नेमबाजी-केंद्रापर्यंत येणारी मुले घरची बोली सोबत घेऊन येतात. प्रयोगशाळेची भाषा मात्र बहुधा इंग्रजी असते. मुलाच्या मनातील कोलाहल एका भाषेत, त्याला मिळणाऱ्या सूचना दुसऱ्या भाषेत, आणि त्याच्या अवस्थेचा निवाडा आकड्यांत, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे.

यावर कोणी म्हणेल, की जेथे शब्दच मावळावयाचे तेथे शब्दांची भाषा कोणतीही असो, काय बिघडते? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु अल्फा लहरींचा स्वभाव ध्यानात घेतला म्हणजे त्यातील उणीव दिसते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या आलेखातही त्या ठळक उमटतात. एका जागी दिसणारी एक लहर एकाच मनोवस्थेची खूण नव्हे. मराठीत आपण ‘तंद्री लागली’ म्हणतो, ‘भान हरपले’ म्हणतो, ‘चित्त थाऱ्यावर आले’ म्हणतो आणि सरावाने कौशल्य अंगी मुरले की ‘हात बसला’ असेही म्हणतो. या चार अवस्था एक नव्हेत. नेमबाजाला तंद्री नको, भान हरपणेही नको; त्याला हवे असते थाऱ्यावर आलेले चित्त आणि बसलेला हात. सूर वाजला तेव्हा यांपैकी कोणती अवस्था होती, हे एकटा आलेख सांगू शकत नाही. ते सांगू शकतो तो विद्यार्थी, आणि तेही ज्या भाषेत त्याला हे भेद करता येतात त्या भाषेतच. शब्द मौनाच्या क्षणी नको असतील. त्या मौनापर्यंतची वाट दाखविण्यास आणि तेथून परतल्यावर त्याची ओळख पटविण्यास ते हवेतच.

आपल्या भाषांत या ओळखीचे साहित्य विपुल आहे. ‘लक्ष’ म्हणजे अवधान, आणि ज्यावर बाण रोखावयाचा ते ‘लक्ष्य’; दोहोंचे मूळ एकच. ‘नेम’ म्हणजे रोख, आणि ‘नेम’ म्हणजे नित्याचे व्रतही. नेमबाजाची साधना वर्णन करण्यास याहून समर्पक शब्द कोणता? ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात. तेथे अवधान ही एकट्याची मिळकत नसून वक्ता आणि श्रोता यांच्यामधील देवघेव आहे. पतंजलीने धारणा, ध्यान आणि समाधी यांत भेद केला. प्राचीनांना मेंदूच्या लहरी ठाऊक होत्या, असा दावा करणे हास्यास्पद ठरेल आणि माझा तो हेतूही नाही. म्हणणे एवढेच, की आतल्या अवस्थांना नावे देण्याचे जे काम प्रयोगशाळेला करता येत नाही, ते या भाषांनी शतकानुशतके केलेले आहे.

दिल्लीच्या परिसरात अवधानाच्या परीक्षेची सर्वांत प्रसिद्ध कथा प्रत्यक्ष भूगोलात वसली आहे. गुडगावचे नाव २०१६ साली गुरुग्राम झाले ते द्रोणाचार्यांच्या स्मरणाने. आदिपर्वात द्रोण झाडावर एक कृत्रिम पक्षी ठेवतात आणि शिष्यांना विचारतात, तुला काय दिसते? युधिष्ठिराला झाड, गुरू, बंधू सारे दिसते. त्याला बाजूस व्हावे लागते. अर्जुनाला पक्ष्याचे केवळ मस्तक दिसते. लोकपरंपरेने त्या मस्तकाचा डोळा केला, हा पाठभेद अभ्यासकांना परिचित आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ही परीक्षा प्रश्नोत्तररूप आहे. द्रोण कठोर असतील, पण शिष्याच्या अंतरंगाकडे जाण्याचा त्यांचा मार्ग शिष्याच्या वाणीतून जातो. शिष्याने स्वमुखाने सांगितलेली साक्ष हाच तेथे पुरावा आहे. नव्या प्रशिक्षणात ही साक्ष गाळली जाण्याचा धोका आहे. शिष्य काय म्हणतो याला किंमत न राहता, त्याचा मेंदू काय ‘म्हणतो’ याला किंमत येते.

आणि द्रोणांच्या कथेला एकलव्याची दुसरी बाजू आहे. निवड हाही गुरूचा अधिकार असतो आणि तो नेहमी न्याय्य असतोच असे नाही. १९६१च्या निबंधातील जे निरीक्षण मी वर नोंदविले, ते येथे आठवावे. ज्यांच्या आलेखात विशिष्ट लहर आरंभीच ठळक, ते अभ्यासात टिकतात, असे एकदा कागदावर आले, की तो आलेख प्रशिक्षणाऐवजी चाळणीसाठी वापरण्याचा मोह अनावर होतो. क्रीडा-कोट्यातून प्रवेश, शिष्यवृत्ती, संघातील स्थान हे सारे ज्यांच्या हाती, त्यांच्याच हाती विद्यार्थ्याच्या मेंदूची नोंद गेली, तर ‘तुझा आलेख अनुकूल नाही’ हे वाक्य अंगठा कापून घेण्याइतकेच निर्णायक ठरेल. फरक इतकाच, की एकलव्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक होते.

कायद्याचे संरक्षण आहे काय? २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. परंतु महाविद्यालयात आलेला विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांचा झालेला असतो. प्रशिक्षकाने पुढे केलेल्या कागदावर तो सही करील की नाही, हे त्याच्या इच्छेपेक्षा त्याच्या गरजेवर अवलंबून असते. मेंदूच्या नोंदींसाठी या कायद्यात वेगळा वर्ग नाही. चिली या देशाने २०२१ साली मेंदूव्यापारांचे आणि त्यांतून मिळणाऱ्या माहितीचे रक्षण आपल्या संविधानात नमूद केले. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीस एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंद नष्ट करण्याचा आदेश दिला. आपल्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही.

तात्पर्य, ही पद्धती त्याज्य आहे असे माझे प्रतिपादन नाही. एखाद्या मुलीला अखेरच्या गोळीपूर्वी आपल्या मनातील गलबला आवरता येत असेल, तर तिला ती सोय नाकारण्याचा अधिकार साहित्याच्या प्राध्यापकाला कोणी दिला? माझा आग्रह तीन गोष्टींपुरता आहे. एक, ज्या विद्यापीठात हे प्रशिक्षण दिले जाईल तेथे ते विद्यार्थ्याच्या भाषेत दिले जावे आणि प्रत्येक आलेखाशेजारी त्या वेळची अवस्था विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत नोंदवावी. दोन, ती नोंद आणि तो आलेख दोन्ही विद्यार्थ्याच्या मालकीचे असावेत. निवडीसाठी त्यांचा वापर होऊ नये. तीन, भाषाविभागांनी क्रीडाविभागांशी सहकार्य करून अवधानाचा शब्दसंग्रह सिद्ध करावा. त्यात ग्रंथांतील परिभाषेबरोबरच तालमीतील, मैदानावरील आणि बोलींतील शब्द असावेत. हा कोश संशोधनाच्या दृष्टीनेही मोलाचा ठरेल, कारण मराठी, हरियाणवी, पंजाबी, मणिपुरी बोलणारे खेळाडू आपल्या एकाग्रतेचे वर्णन कसे करतात, हा तौलनिक अभ्यासाचा अस्सल विषय आहे.

ही तिन्ही कामे फार खर्चाची नाहीत. त्यांना यंत्र लागत नाही. लागते ते विद्यार्थ्याला ‘तुला काय दिसते?’ असे विचारण्याचे आणि त्याचे उत्तर खरे मानण्याचे सौजन्य.