पान्याची लाज

जुना ट्रॅक्टर सुरू झाला नाही की आमची मंडळी तो भंगारात काढावयास निघतात! १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या सहकार्याने बनलेला २५ अश्वशक्तीचा एचएमटी असला, तर निमित्तही तयार: २०१६ मध्ये ते उत्पादन बंद करण्याचे ठरले ना! म्हणून यंत्र मेले काय? पुष्कळदा डिझेलच्या नळीत नुसती हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करावा, फीड पंपाची कळ हाताने मारीत राहावी, बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. एवढ्यासाठी आम्ही इंदूरहून मिस्त्री बोलावितो. तो ‘पंप गेला’ म्हणतो, आम्ही मान डोलावितो. वडील धोतर खोचून हे स्वतः करीत. आमच्या पदवीधर हातांना डिझेलचा वास सोसत नाही. (कचेरीतील धूळ बरी सोसली!) त्यांची पान्यांची पेटी येत्या रब्बीपूर्वी उघडलीच पाहिजे.