खेळाडू मुली, प्रशिक्षक पुरुष

अमेरिकेत हजाराहून अधिक कॉलेजांत मुलींचे फुटबॉल संघ आहेत. मोठ्या विद्यापीठांत अशा संघाचा मुख्य प्रशिक्षक होणं म्हणजे चांगल्या पगाराची, मानाची नोकरी. पण कॉलेज खेळांची संघटना असलेल्या ‘एनसीएए’च्या पहिल्या, सर्वांत वरच्या श्रेणीची स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाल्यापासून २०२४ पर्यंतच्या ४३ विजेतेपदांपैकी महिला प्रशिक्षकांच्या वाट्याला फक्त चार आली: १९९८ मध्ये फ्लोरिडाच्या बेकी बर्ली, २०१३ मध्ये यूसीएलएच्या अमांडा क्रॉमवेल, २०१५ मध्ये पेन स्टेटच्या एरिका वॉल्श आणि २०२२ मध्ये पुन्हा यूसीएलए, या खेपेला मार्गरीट अओझासा. मुलींना खेळायची हौस असते, शिकवायची नसते, हे यावरचं ठेवणीतलं उत्तर. ते पटण्यासारखं नाही. खेळाडू मुली या पेशातून गळतात त्या बऱ्याचदा पहिल्याच पायरीवर, आणि ती पायरी अगदी अलीकडेपर्यंत बिनपगारी होती.

हौस नव्हती म्हणावं, तर १९७२ च्या आधी मुलींच्या कॉलेज संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक महिलाच होत्या. सगळे खेळ धरून. त्या वर्षी शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा आला, मुलींच्या खेळाला पैसा मिळू लागला, आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर घसरलं. कामाला मोल नव्हतं तोवर ते व्यायामशिक्षिकांकडे होतं. मोल आलं तसे उमेदवार बदलले. पुरुषांचे आणि महिलांचे क्रीडाविभाग एकत्र झाले, तेव्हा नेमणुकीचा अधिकारही बहुतेक ठिकाणी पुरुष संचालकांकडे गेला. हा कायदा नोकरदारांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलं. तरी कॉलेजांना हिशेब विचारला जातो तो मैदानावर किती मुली उतरल्या याचा. त्यांना शिकवणारं कोण, हे क्वचितच.

इथे नॉर्थ कॅरोलायनाच्या अँसन डोरन्स यांचं नाव पुढे केलं जाईल. त्या ४३ पैकी २१ विजेतेपदं एकट्या त्यांची; अशा माणसापुढे स्त्री-पुरुष कसलं बघता? त्यांची गुणवत्ता वादातीत आहे. पण ती दिसली कशी, तेही पाहावं. १९७७ मध्ये विद्यापीठाने पुरुषांचा संघ हाती दिला, तेव्हा डोरन्स कायद्याचं शिक्षण घेत होते. दोनच वर्षांत मुलींचा नवा संघही त्यांच्याकडे आला. वर्षानुवर्षांच्या उमेदवारीची अट त्यांना कुणी घातली नाही, आणि पुढे साडेचार दशकं खुर्ची टिकली. बर्ली यांनाही फ्लोरिडात कोरी पाटी मिळाली होती. १९९५ मध्ये सुरू झालेला संघ त्यांनी चौथ्या हंगामात अजिंक्य केला. जागा रिकामी होती तेव्हा दोघांनीही संधीचं सोनं केलं. आता नवे संघ कमी निघतात, जुन्या खुर्च्या लवकर सुटत नाहीत, आणि सुटल्या तर बरेचदा शेजारच्यालाच मिळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, डोरन्स निवृत्त झाले. सूत्रं सहायक डेमन नहास यांच्याकडे गेली आणि त्याच मोसमात त्यांनी विजेतेपद आणलं. निवड चुकली असं कोण म्हणेल? पण मग सहायकाच्या खुर्चीत कोण बसतं, यावरच सगळं ठरतं.

आणि तिथेच मेख आहे. पहिल्या श्रेणीत प्रत्येक संघाला एक ‘स्वयंसेवक’ प्रशिक्षक ठेवता येई. सराव घेणं, गोलरक्षक घडवणं ही कामं इतरांसारखीच, पगार शून्य. पोट भरायचं ते उन्हाळी शिबिरांत शाळकरी मुलांना शिकवून किंवा संध्याकाळी एखाद्या क्लबात डबल ड्यूटी करून. हे परवडतं कुणाला? घरून पैसे येतात त्यांना. शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन पदवीधर झालेली खेळाडू दुसरी नोकरी धरते, आणि पाच वर्षांनी जागा निघाली की अर्जांत महिला नाहीत म्हणून आश्चर्य व्यक्त होतं. खटले झाले, टीका झाली, आणि जुलै २०२३ पासून ‘एनसीएए’ने हा प्रकार मोडीत काढून ती जागा पगारी करायची मुभा दिली.

घरसंसारामुळे बायका हे काम सोडतात, हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. नव्या खेळाडूंच्या शोधात शनिवार-रविवार क्लबांच्या स्पर्धांमागे जातात, संध्याकाळी फोन सुरूच. पण हा भार खेळाचा कमी, अपुऱ्या माणसांचा जास्त. पगारी हात वाढले की तो वाटला जातो. उमेदवारी नीट मिळाली तर काय होतं, हे अओझासा यांनी दाखवलं. स्टॅनफर्डमध्ये सात हंगाम सहायक राहून त्या यूसीएलएत आल्या आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात डोरन्स यांच्याच संघासमोर उभ्या ठाकल्या. दोन गोलांची पिछाडी, सामना संपायला १६ सेकंद असताना बरोबरी, आणि जादा वेळेत ३-२ असा विजय.

हे वाढलेले पगारी हात टिकतील का, याची मला शंका आहे. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना उत्पन्नाचा थेट वाटा देऊ लागली आहेत. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. या खर्चाने पडणारी तूट भरायला कात्री बहुधा अशाच लहान पगारांना लागेल. कॉलेजांना दरवर्षी सरकारला प्रशिक्षकांचे पगार कळवावे लागतात, पण सगळ्या महिला संघांची मिळून मुख्य प्रशिक्षकांची एक आणि सहायकांची एक सरासरी दिली की भागतं. सहायकांची ती सरासरी खेळानुसार फोडून दाखवायला लावा; कुणाची कपात झाली, ते निदान कागदावर येईल.