पहिली रायफल आणि कपाटातले तीन डबे

हॉस्टेलात 'उद्या पाणी येणार नाही' अशी पाटी लागली की काय होतं, हे मीरा रोडला राहणाऱ्याला सांगायला नको. ज्याला एक बादली पुरते तोही चार भरून ठेवतो. टाकी रात्रीच आटते आणि सकाळी प्रॅक्टिकलला उशीर झालेला कुणीतरी कोरड्या नळासमोर उभा असतो. मित्रहो, गेल्या सत्रात मी नेमकं हेच केलं. फक्त बादल्यांच्या जागी पेलेटचे डबे होते.

माझी पहिली एअर रायफल आली आणि त्याच महिन्यात मॅच पेलेट मिळेनासे झाले. आपल्याकडे स्पर्धेत वापरतात ते बरेचसे पेलेट जर्मनी, झेक प्रजासत्ताक, चीन इथून येतात. एखादी खेप अडकली की दुकानदार हात वर करतो. मी घाबरून मिळाले ते भारीतले तीन डबे उचलले. ५०० चा एक, म्हणजे १५०० पेलेट. स्पर्धेत नेम ६० वेळा धरायचा असतो. म्हणजे २५ स्पर्धांचा साठा माझ्या कपाटात, आणि स्पर्धेचा अनुभव शून्य!

आता इंजिनिअरिंगवाल्यांना समजेल असा हिशेब मांडतो. नेम दोन प्रकारे चुकतो. सगळे पेलेट एकाच बाजूला जात असतील तर साइट फिरवून ते मध्यावर आणता येतात. पण ते चहूकडे विखुरत असतील तर साइट काही करू शकत नाही. हे विखुरणं थोडं पेलेटमुळे होतं, थोडं आपल्या हातामुळे, आणि दोन्हींची बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. समजा नवशिक्याचा हात ८ मि.मी. विखुरतो. स्वस्त पेलेट ३ मि.मी., भारी पेलेट १ मि.मी. मग स्वस्तात एकूण ८.५ आणि भारीत ८.१. फरक अर्धा मिलिमीटरही नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी अडीच मि.मी. असते. म्हणजे मी दामदुप्पट मोजून जवळजवळ काहीच विकत घेतलं नव्हतं.

हाच हात ३ मि.मी. वर आला की गणित बदलतं. तेव्हा स्वस्तात ४.२ आणि भारीत ३.२. तिथे भारी पेलेटचे पैसे वसूल होतात. म्हणून माझं मत असं की टंचाईत 'सगळ्यात चांगला पेलेट कुठला?' हा प्रश्नच चुकीचा. 'माझ्या हाताला आत्ता कुठला पुरेल?' हे विचारा.

हे शहाणपण मला फुकट मिळालं नाही. आमच्याच रेंजवर एक ज्युनिअर आहे. तिला स्वतःची रायफल नाही, क्लबची वापरते. पण तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर. निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात तिने विचारलं, "दादा, एखादा डबा असेल का?" मी म्हणालो, "नाही गं, माझ्याकडेच संपलेत." तिने दोन कंपन्यांचे उरलेसुरले पेलेट एकत्र करून चाचणी दिली. थोडक्यात संघ हुकला. ज्या हाताला चांगल्या पेलेटची खरी गरज होती तो रिकामा, आणि माझे डबे कपाटात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकला. त्याच्या गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढलं होतं, असं तेव्हा छापून आलं होतं. त्याच्या पदकाचे फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण शेजारच्या लेनमधल्या मुलीला एक डबा द्यायची वेळ आली तेव्हा मी काय केलं?

तर नवीन रायफल घेणाऱ्यांनो, ऐका. चपट्या तोंडाचेच पेलेट घ्या, ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजता येतात. स्वस्तातले दोन-तीन प्रकार थोडे-थोडे मिळवा, रायफल नीट टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा मारून बघा आणि जो कमी विखुरतो तो एकच धरा. मिसळ फक्त खायला चांगली. चेपलेले पेलेट बाजूला काढा. मॅच रायफलला ड्राय फायरची सोय असेल तर रोजचा निम्मा सराव पेलेटशिवाय करा. मात्र स्प्रिंगच्या रायफलीत रिकामा चाप ओढू नका, पिस्टन आपटून खराब होतो. शिसं हाताळल्यावर मेसमध्ये जाण्याआधी हात धुवा. आणि साध्या एअर रायफलला परवाना लागत नाही म्हणून ती हॉस्टेलवर आणू नका, तिची जागा रेंजच्या लॉकरमध्ये.

जिमखान्याच्या सरांना एक विनंती. पेलेट एकत्र मागवा आणि भारीतले चाचणीच्या गुणांप्रमाणे वाटा. रायफल कुणाची आहे हे बघू नका.

माझे दोन डबे मी सामायिक कपाटात ठेवलेत. तिला खरं काय ते सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. डबा उघडला, पेलेट निरखून पाहिले आणि लेनवर गेली. पुढची चाचणी जानेवारीत आहे.