आगाऊ पैसा आणि अपुरे घर

बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुऱ्याच्या कारखान्यांलगतच्या तरसालीत स्वतःच्या भूखंडावर घर बांधू पाहणाऱ्या मराठी गृहस्थाच्या मदतीस २०१६ चा स्थावर संपदा कायदा येत नाही. ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी, करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक घेऊ नये, ही बंधने घरे विकणाऱ्या विकासकावर आहेत. मालमजुरीसह काम अंगावर घेणाऱ्या कंत्राटदारावर नाहीत. कायद्यातील हा मोठाच उणेपणा होय. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले, त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार खुले आहे खरे; पण तक्रार दोन वर्षांच्या आत हवी, आणि हाती लेखी करार व पावत्या हव्यात. करार मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपली भिडस्त समजूत! ती ओळखूनच कित्येक कंत्राटदार जोते भरण्यापूर्वी स्लॅबचे पैसे मागतात. जोते, स्लॅब, गिलावा असे टप्पे पाडून, मोजमाप झाल्यावरच हप्ता द्यावा, तोही धनादेशाने. सरकारी बांधकाम खातेसुद्धा कंत्राटदाराच्या देयकांतून अनामत कापून घेते. तेव्हा निदान एक पावसाळा सरेपर्यंत काही रक्कम राखून ठेवणाऱ्या गृहस्थास संकोच वाटण्याचे कारण नाही, मात्र तशी अट करारात आधीच लिहिलेली असावी.